पुन्हा बूट बांधण्याआधी

अँजिओप्लास्टी होऊन घरी आलेला धावपटू पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना विचारतो, ‘परत कधी धावू?’ शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बायकोचा किंवा नवऱ्याचा प्रश्न वेगळा असतो: ‘आता हे धावणं पुरे ना?’ दोघांनाही अर्धंच आवडेल असं उत्तर मिळतं. बहुतेकांना परत धावता येतं, पण काही महिने आधीसारखं धावता येत नाही आणि काही जणांना आधीसारखं कधीच धावता येत नाही.

धावता येईल की नाही, ही शंका तशी जुनी झाली. टोरांटोचे डॉ. टेरेन्स कॅव्हाना यांनी १९७३ साली आपल्या काही हृदयरुग्णांना बॉस्टन मॅरेथॉनमध्ये उतरवलं. झटका येऊन गेलेल्या माणसाला तेव्हा जिनासुद्धा जपून चढायला सांगत. त्यांचे रुग्ण बेचाळीस किलोमीटर पार करून आले, पण त्यामागे डॉक्टरांच्या नजरेखालची दीर्घ, शिस्तीची तयारी होती. आजही प्रश्न असतो तो या तयारीचा, आणि नेमकी तिथंच आपली मंडळी घाई करतात.

याचं कारण धावपटूच्या सवयीत आहे. तिसाव्या किलोमीटरनंतर पाय ‘नको’ म्हणतात, तेव्हा त्यांचं न ऐकणं हीच तर आपण वर्षानुवर्षं कमावलेली विद्या. साताऱ्याला यवतेश्वरचा घाट चढताना छाती भरून येते, तरी आपण थांबत नाही आणि वर पोचल्यावर त्याचं कौतुकही होतं. निरोगी माणसाच्या बाबतीत हा गुण ठरतो. हृदयाने एकदा इशारा दिल्यावर मात्र तोच गुण सगळ्यात आधी सोडावा लागतो. परतीच्या पहिल्या सहा महिन्यांत दमसास आपोआप वाढेल. त्या काळात खरी शिकायची गोष्ट आहे वेळेवर थांबणं.

जिम फिक्सचं नाव जुन्या धावपटूंना ठाऊक असेल. १९७७ साली आलेल्या त्याच्या पुस्तकाने अमेरिकेला धावायला लावलं. त्याच्या वडिलांचा मृत्यू त्रेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने झाला होता. तो स्वतः आधी भरपूर सिगारेट ओढणारा आणि वजनाने जड होता. पस्तिशीच्या आसपास तो धावायला लागला आणि पार बदलला. १९८४ साली, बावन्नाव्या वर्षी, व्हरमाँटमध्ये धावतानाच तो कोसळला. शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्यांमध्ये मोठे अडथळे सापडले. धावण्याच्या विरोधात हा किस्सा आजही सांगितला जातो, पण तो तसा सांगणं चुकीचं आहे. धावल्यामुळे त्याची काही वर्षं वाढलीही असतील. त्यातून घ्यायचं ते इतकंच, की उत्तम दमसास म्हणजे उघड्या रक्तवाहिन्या नव्हेत. ‘मी हाफ पळतो, मला काय होणार’ हे वाक्य डॉक्टरांसमोर उपयोगाचं नाही.

आधी कागद

बूट काढायच्या आधी फाइल काढा. डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलंय ते डॉक्टरांकडून समजून घ्या. झटका आला होता, की झटक्याआधीच अडथळा सापडून स्टेंट बसला? अडथळे किती होते आणि सगळे उघडले का? एखादा ‘सध्या औषधावर ठेवू’ म्हणून शिल्लक आहे का? हा शेवटचा प्रश्न फार जण विचारत नाहीत आणि धावणाऱ्यासाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा असतो. त्यानंतर टूडी एको. त्यातला इजेक्शन फ्रॅक्शनचा आकडा, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं, तो साधारण पंचावन्नच्या वर असेल तर पंप शाबूत आहे असं धरतात. तो बराच खाली असेल तर या लेखातलं पुढचं वेळापत्रक तुमच्यासाठी नाही. तुमचं वेळापत्रक डॉक्टरच ठरवतील.

मग स्ट्रेस टेस्ट, म्हणजेच टीएमटी. आपल्याकडे ती बहुधा ब्रूस पद्धतीने होते. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढतात. रिपोर्टमध्ये ‘मेट्स’ हा आकडा असतो. शांत बसलेल्या माणसाला लागते ती ऊर्जा म्हणजे एक मेट. ताशी आठ किलोमीटरच्या सावकाश धावण्याला साधारण आठ मेट लागतात. म्हणजे टेस्टमध्ये सात मेटलाच दम लागून थांबलात, किंवा तिथं ईसीजी बदलला, तर सावकाश धावणंसुद्धा तुमच्यासाठी अजून शर्यतच आहे. दहा मेटपर्यंत काही त्रास न होता गेलात तर सुरुवातीला हाताशी थोडी शिल्लक आहे. व्यायामाची मर्यादा ठरवण्यासाठी ही टेस्ट करायची असेल तर रोजची औषधं घेऊनच करायची, कारण रस्त्यावरही तुम्ही ती घेऊनच उतरणार आहात. निदानासाठी करताना कधी काही गोळ्या थांबवतात. त्यामुळे टेस्ट कशासाठी आहे ते विचारून घ्या, मनाने गोळी बंद करू नका.

स्टेंट धावल्याने हलतो का, हा प्रश्न हमखास येतो. हलत नाही. तो रक्तवाहिनीच्या भिंतीत फुग्याने दाबून बसवलेला असतो. हादऱ्याने निसटणारी ती वस्तू नव्हे. बायपास झाली असेल तर गोष्ट वेगळी. छातीचं मधलं हाड कापून तारांनी बांधलेलं असतं आणि ते पक्कं जुळायला साधारण बारा आठवडे जातात. तोवर चालणं भरपूर करा, धावणं आणि वजन उचलणं नाही. हृदयाच्या स्नायूला सूज आली असेल, म्हणजे मायोकार्डायटिस झाला असेल, तर नियम आणखी कडक. तीन ते सहा महिने दमवणारा कोणताही व्यायाम नाही आणि त्यानंतर पुन्हा तपासण्या. इथं ‘मला आता बरं वाटतंय’ याला अजिबात किंमत नाही, कारण वरवर बरं वाटत असतानाच ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका राहतो.

गोळ्यांनी बदललेलं शरीर

परतलेल्या धावपटूचा पहिला गोंधळ मनगटावरच्या घड्याळावर उडतो. दोनशे वीसमधून वय वजा करायचं आणि त्याच्या अमुक टक्क्यांवर धावायचं, हे गणित सगळ्यांना पाठ असतं. पण मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल यांसारखी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर ठोके मुळात वर चढतच नाहीत. पूर्वी एकशे पन्नासला जो दम लागायचा तो आता एकशे वीसलाच लागेल आणि घड्याळ मात्र ‘हलका व्यायाम’ दाखवत राहील. ते जुनं गणित बाजूला ठेवा. टीएमटीवरून डॉक्टरांनी ठोक्यांची वरची हद्द सांगितली असेल तर तेवढी पाळा. एरवी बोलून बघण्यासारखी भरवशाची परीक्षा नाही. धावता धावता सोबत्याला पूर्ण वाक्य सांगता आलं पाहिजे. दर दोन शब्दांनी श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. ज्यांना आकडाच हवा त्यांच्यासाठी स्वीडनचे गुन्नार बोर्ग यांची सहा ते वीसची मोजपट्टी आहे. सहा म्हणजे काहीच श्रम नाहीत, वीस म्हणजे जीव जाईपर्यंत. सुरुवातीचे महिने अकरा ते तेराच्या मध्ये काढायचे.

स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या बहुधा सोबत चालतात, झटका येऊन गेला असेल तर साधारण वर्षभर. त्या एक दिवसही स्वतःहून चुकवायच्या नाहीत, कारण स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका खरा आहे. पण त्या चालू असताना पडणं महागात पडतं. आपल्याकडे पहाटे पाचच्या अंधारात, खोदलेल्या रस्त्याच्या कडेने आणि भटक्या कुत्र्यांना चुकवत धावायची रीत आहे. काही महिने ती सोडा. उजाडल्यावर सपाट मैदानावर धावा. गुडघा खरचटला तर रक्त थांबायला वेळ लागेल, इतकंच. डोक्याला मार लागला असेल तर मात्र काही होत नसलं तरी सरळ दवाखाना गाठा.

टिकाग्रेलॉर चालू असलेल्या काहींना बसल्या बसल्या दम लागल्यासारखं वाटतं. स्टॅटिनने काहींच्या मांड्या-पोटऱ्या दुखतात. हे दोन्ही त्रास डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते. आणि लाँग रननंतर कॉम्बिफ्लाम किंवा डायक्लोफिनॅक घ्यायची जी सवय आपल्या ग्रुपांमध्ये बोकाळली आहे, ती आता कायमची बंद. या जातीच्या वेदनाशामकांनी हृदयाचा धोका वाढतो आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत पोटात रक्तस्राव होऊ शकतो. गुडघा इतका दुखत असेल की गोळीशिवाय भागत नाही, तर त्या दिवशी धावायचंच नाही.

डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट दिली असेल तर ती खिशात ठेवा. घरातल्या औषधाच्या डब्यात ठेवून उपयोग नाही. जिभेखाली ठेवायच्या आधी खाली बसा, कारण रक्तदाब झपकन उतरतो आणि उभा माणूस चक्कर येऊन पडतो. व्हायग्राच्या जातीची गोळी घेत असाल तर तेही डॉक्टरांना लाज न बाळगता सांगा. या दोन औषधांची गाठ पडली तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका घसरू शकतो.

चालण्यापासून

१९६६ साली अमेरिकेत डॅलसला पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून ठेवण्याचा एक प्रयोग झाला. प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता पाव हिश्शाहून जास्त घटली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले, तेव्हा वयामुळे झालेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी निघाली. म्हणून हॉस्पिटलातून आल्यावर पहिला जिना चढताना लागलेल्या दमाने खचून जाऊ नका. त्यातला बराच भाग आजाराचा नसतो, पडून राहण्याचा असतो आणि तो भरून निघतो.

सुरुवात चालण्यानेच. डॉक्टरांनी परवानगी दिली की सपाट रस्त्यावर दहा मिनिटं, मग हळूहळू वाढवत अर्धा-पाऊण तास. बऱ्यापैकी जोरात, म्हणजे ताशी साडेपाच-सहा किलोमीटरने, पाऊण तास चालून काहीही त्रास होत नाही असे दोन आठवडे सलग गेले आणि टीएमटीही स्वच्छ आली, की मगच धावण्याचा विषय. त्यातही आधी एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं, असं वीस मिनिटं, एक दिवस आड. धावण्यात चालणं मिसळायची ही पद्धत म्युनिक ऑलिंपिकमध्ये धावलेल्या जेफ गॅलोवे यांनी लोकप्रिय केली आणि ती नवशिक्यांची म्हणून आपले जुने खेळाडू तिला नाक मुरडतात. हृदयरुग्णासाठी मात्र ती फार सोयीची आहे. दर दोन-तीन मिनिटांनी श्रम उतरतात आणि आपल्याला काय होतंय ते तपासायची संधी मिळते.

एक पायरी निदान एक आठवडा धरून ठेवा. पुढच्या आठवड्यात धावण्याची मिनिटं वाढवली तर एकूण वेळ तीच ठेवा आणि वेळ वाढवली तर मिनिटं तीच. वेगाला पहिले तीन महिने हातच लावू नका. साधारण दीड-दोन महिन्यांत जुनी लय आल्यासारखी वाटेल आणि नेमका तोच धोक्याचा टप्पा. दमसास परत येतो त्या वेगाने स्नायूबंध आणि हाडं तयार होत नाहीत. मग शिन दुखते किंवा टाच धरते आणि हृदय ठीक असलेला माणूस पायापायी पुन्हा महिनाभर घरी बसतो.

वॉर्मअप ही आता शोभेची गोष्ट राहिलेली नाही. दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालत अंग तापवल्याशिवाय धावायचं नाही. शेवटी तितकंच महत्त्वाचं म्हणजे एकदम थांबायचं नाही. जोरात धावून गचकन उभं राहिलं की रक्त पायांत साठतं, रक्तदाब पडतो आणि हृदयाच्या लयीला तो झटका सोसत नाही. शेवटची दहा मिनिटं चालतच यायचं. घराच्या कोपऱ्यापासून फाटकापर्यंत मारायची ती जोरदार धाव, जिच्यावर आपलं फार प्रेम असतं, ती विसरा.

रस्ता निवडताना पाच किलोमीटर लांब जाऊन परत येण्यापेक्षा फेऱ्या माराव्यात. शिवाजी पार्कचा कट्टा, रंकाळ्याचा काठ, नाहीतर घराजवळचं शाळेचं मैदान, काहीही चालेल. कधीही थांबलात तरी घर आणि माणसं जवळ असतात. पुण्यातल्या वाचकांनी टेकडीचा मोह काही महिने आवरावा. चढावर त्याच वेगाला श्रम कितीतरी जास्त पडतात आणि टेकडीवर रिक्षाही येत नाही, ॲम्ब्युलन्सही नाही. पहिले काही महिने एकट्याने धावू नका. सोबत मिळतच नसेल तर व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन चालू ठेवा आणि परतायची वेळ घरी सांगून निघा.

स्ट्राव्हा चार महिने बंद ठेवलं तर उत्तम. मित्र मुद्दाम काही करत नाहीत, पण ‘वेलकम बॅक’च्या बदामांखाली माणूस दर आठवड्याला अर्धा किलोमीटर जास्त धावतो.

कधी थांबायचं, हे घरून ठरवून निघा

धावताना निर्णय घ्यायला गेलात तर तो चुकतोच, कारण तेव्हा मन ‘पुढच्या खांबापर्यंत’ अशी सौदेबाजी करत असतं. म्हणून यादी आधीच मनाशी पक्की असावी. छातीत दाब, जळजळ, आवळल्यासारखं वाटणं. तसंच दुखणं जबड्यात, खांद्यात, डाव्या हातात किंवा पाठीत. ज्या वेगाला काल दम लागला नव्हता त्याच वेगाला आज लागणं. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, ठोके वेडेवाकडे पडणं, थंडगार घाम. यातलं काहीही झालं तर धावणं संपलं. वेग कमी करून पुढं जायचं नाही, त्या दिवसापुरतं सगळं थांबवायचं.

आपल्याकडे या सगळ्याला एक रामबाण स्पष्टीकरण असतं: गॅस. ‘रात्री उशिरा जेवलो होतो’, ‘पित्त झालं असेल’, मग ओवा, मग जेलुसिल. पित्ताचा त्रास खरंच असू शकतो. पण जे दुखणं धावल्यावर येतं आणि थांबल्यावर जातं, ते पित्त नव्हे असं धरूनच वागायचं. इथं एक मोठा गैरसमज आहे. ‘थांबलो तर दोन मिनिटांत गेलं, म्हणजे काही नव्हतं’ असं लोक समाधानाने सांगतात. प्रत्यक्षात श्रमाने येणं आणि विश्रांतीने जाणं हेच तर अंजायनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून होणाऱ्या दुखण्याचं, लक्षण. असं दुखणं गेलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि ते ‘हो’ म्हणेपर्यंत धावू नका. आणि पाच मिनिटं बसूनही दुखणं गेलं नाही तर १०८ ला फोन करा. स्वतः स्कूटर चालवत दवाखान्यात जायचा पराक्रम करू नका.

मधुमेह असलेल्यांनी आणि स्त्रियांनी आणखी सावध राहावं. त्यांच्यात छातीतलं ठरलेलं दुखणं नसूही शकतं. नुसता दम, मळमळ किंवा कारण नसताना आलेला गळाठा एवढंच दिसतं.

याची दुसरी बाजूही आहे. काही जण इतके धास्तावतात की दर मिनिटाला नाडी बघतात, एखादा ठोका चुकला की घामाघूम होतात आणि त्या घामानेच अजून घाबरतात. तपासण्या स्वच्छ आल्यावरही हे चालूच राहतं. यात बावळटपणा काही नाही, छातीवर आलेलं संकट मनातून लवकर जात नाही, इतकंच. अशांसाठी मोठ्या हॉस्पिटलांतली कार्डिॲक रिहॅबची सोय फार उपयोगी आहे. ईसीजी लावून, फिजिओथेरपिस्टच्या नजरेसमोर काही आठवडे व्यायाम केला की आपण किती सोसू शकतो ते डोळ्यांनी दिसतं. घरच्यांनाही एकदा तिथं घेऊन जा. पडद्यावर ठोक्यांची नियमित लय पाहिल्यावर घरातला विरोध बराच ओसरतो.

ऊन, हवा आणि ताप यांचं थोडक्यात. एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात वेळ निम्मी करा. हिवाळ्यात मुंबई-पुण्याची हवा गढूळ असेल त्या दिवशी घरात व्यायाम करा. ताप, अंगदुखी किंवा छातीत कफ असताना धावायचं नाही. ताप उतरल्यावरही काही दिवस नुसतं चालायचं. डेंग्यूनंतर प्लेटलेट वर आले तरी थकवा काही आठवडे रेंगाळतो, त्याला मान द्या.

शर्यतीचं काय?

अमेरिकेतल्या २००० ते २०१० या काळातल्या मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉन तपासल्या, तेव्हा १ कोटी ९ लाख धावपटूंमध्ये हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना सापडल्या. प्रमाण फारच थोडं, साधारण १ लाख ८४ हजारांत एक. पण बऱ्याचशा घटना शेवटच्या चतुर्थांश अंतरात घडल्या होत्या, म्हणजे माणूस थकलेला असताना आणि शेवट जवळ दिसत असताना. मुंबईत पेडर रोडची चढण नेमकी उत्तरार्धातच येते, हे लक्षात ठेवा.

माझं मत विचाराल तर पहिले सहा महिने कुठलीही नोंदणी नको. पैसे भरले आणि टीशर्ट घरी आला की शरीराचं ऐकणं कमी होतं. त्यानंतर दहा किलोमीटर, तेही बोलत बोलत. हाफचा विचार पुन्हा टीएमटी करून आणि डॉक्टरांना अंतर, तारीख, मार्ग स्पष्ट सांगून. फुल पहिल्या वर्षात नाहीच. त्यानंतरही प्रत्येकाला फुल धावलीच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही.

तुमच्या ग्रुपने एखादा रविवार सीपीआर शिकण्यात घालवावा. छातीच्या मधोमध, मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा, जोरात दाबायचं. एवढं येणारी चार माणसं सोबत असली तर ॲम्ब्युलन्स येईपर्यंतची मिनिटं वाया जात नाहीत. आणि पहिली बिब हातात येईल तेव्हा ती छातीवर टाचण्याआधी उलटी करा. मागच्या बाजूला घरच्यांचा नंबर, रक्तगट, स्टेंट कधी बसला आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे वॉटरप्रूफ पेनने ठळक अक्षरात लिहा.